सोमवारीच पोट का दुखतं?

[दृश्य: लालबाग, सकाळचे साडेसहा, चाळीची गॅलरी]

सकाळची शाळा म्हटलं की मुंबईत घरोघरी नुसती पळापळ, नळ जायच्या आत पाणी भरायचं, डबा, युनिफॉर्म, आणि त्यातच पोरगी म्हणते आई, पोटात दुखतंय गं. आई आधी ओवा देते, मग ओरडते, मग डॉक्टरकडे नेते, रिपोर्ट सगळे नॉर्मल. शनिवारी शाळा सुटली की पोट ठणठणीत, सोमवारी परत तेच. नाटक नाहीये हे. मेंदूला धोका वाटला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, पचन बिघडतं, पोट खरोखर दुखतं. परीक्षेआधी असं कुणालाही होतं म्हणा, पण महिनोन् महिने चाललं आणि त्यापायी शाळा बुडायला लागली, तर त्याला अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे चिंतेचा आजार, म्हणायची वेळ येते.

मग कुणीतरी म्हणणारच, मुलींचं जरा जास्तच असतं हे. आकडे बघितले तर तसंच दिसतं. अमेरिकेत १३ ते १८ वयाच्या मुलांचा मोठा सर्व्हे झाला, २०१० साली आकडे आले, तोवर कधी ना कधी असा त्रास झालेल्या मुली साधारण ३८ टक्के, मुलगे २६. लहानपणी फरक कमी असतो, वयात येताना वाढतो. हार्मोन्स आहेतच, पण घरातली वागणूकही बघा ना. मुलगी घाबरली की आपण म्हणतो राहू दे, नको जाऊस, आणि मुलाला म्हणतो जा रे, घाबरतोस काय मुलीसारखा. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते, म्हणजे लाडाने आपणच ती वाढवतो.

[दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून]

हे पान बघा. एकच ओळ इतक्यांदा खोडलीय की कागदाला भोक पडलंय. अक्षर मात्र सुंदर, प्रगतिपुस्तकात शेरा 'शांत व हुशार'. अशा मुलीची काळजी कोण करणार, ती तर शाळेला आवडतेच!

पण आपल्याकडे यायचं तर गोष्ट एवढी सरळ राहत नाही. कोलकात्यात १३ ते १७ वयाच्या ४६० विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, तोही २०१० मध्येच छापून आला, तिथे जास्त अँग्झायटी असलेले मुलगे २०.१ टक्के आणि मुली १७.९. म्हणजे उलटंच. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभराचा सर्व्हे केला, त्यात याच वयात सगळे मानसिक आजार मिळून प्रमाण साधारण ७.३ टक्के निघालं आणि मुलगे-मुली जवळपास सारखेच. ते फक्त अँग्झायटीचं नाही हे खरं, तरी मुलींचंच दुखणं म्हणून मोकळं होता येत नाही.

[दृश्य: विक्रोळी, नववीचा वर्ग, शेवटचा बाक]

सरांनी फळ्यापाशी बोलावलं की हा शेवटच्या बाकावरचा मुलगा काहीतरी कॉमेडी करणार, वर्ग हसणार, सर बाहेर काढणार. आता बाहेर उभं राहिलं की फळ्यापाशी जावं लागत नाही, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. डायरीत शेरा येतो 'बेशिस्त', घरी पप्पांचा मार. मित्रांसमोर विचारा भीती वाटते का रे, तर हो म्हणेल का तो?

म्हणून एकट्याला विचारावं लागतं. स्केअर्ड नावाची एक प्रश्नावली आहे, ४१ वाक्यं, शाळेत डोकं दुखतं वगैरे. मूल वेगळी भरतं, पालक वेगळी, आणि बऱ्याचदा दोघांची उत्तरं जुळतच नाहीत. यावरून लगेच निदान होत नाही बरं, ते डॉक्टरचं काम, पण बोलणं सुरू होतं.

उपचार आहेत, सीबीटी नावाची, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी मुलांना चांगली लागू पडते. त्यात भीतीकडे पायरी पायरीने न्यायचं असतं. आधी बाकावरच्या मित्राला धडा वाचून दाखव, मग स्टाफरूममध्ये एकट्या मॅडमना, मग चार जणांसमोर, फळा सगळ्यात शेवटी. रडली म्हणून घरी ठेवणं नको आणि पोरगा आहे म्हणून एकदम ढकलणंही नको.

आणि कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेलीमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. मूल तयार नसलं तरी आईबाबांनी स्वतः फोन केला तरी चालतो.