बुलबुलचं पिल्लू खाली सापडलंय? खोक्यात ठेवण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! आज खरं तर जास्वंदीच्या छाटणीचा व्हिडिओ ठरला होता, तो पुढे ढकललाय. एप्रिल लागल्यापासून रोज एक तरी फोटो येतोय. बुटांचं खोकं, त्यात कापूस, कापसावर अंग फुगवून बसलेलं बुलबुलचं पिल्लू, बाजूला दुधात भिजवलेला पाव. आणि खाली प्रश्न: "ताई, याला काय खायला घालू?"

तुमची माया कळते मला. पण पहिला प्रश्न खाण्याचा नाहीच. "याची आई कुठे आहे?" हा पहिला प्रश्न.

आधी ओळख, पटकन सांगते. डोळे मिटलेले, अंग उघडं किंवा पिसांच्या नुसत्या नळ्या फुटलेल्या, म्हणजे पिल्लू घरट्यातलं. ते खरंच पडलंय. अंगभर पिसं, बोटाच्या पेराएवढी शेपटी, चोचीच्या कडांना मऊ फिकट ओठ, आणि बोट पुढे केलं तर पायांनी घट्ट धरतंय, म्हणजे ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर आलंय. बुलबुलची पिल्लं साधारण बारा-तेरा दिवसांची झाली की घरटं सोडतात आणि तेव्हा त्यांना नीट उडता येत नसतं. काही दिवस झुडपात, कुंड्यांच्या मागे, कधी जमिनीवर असा मुक्काम असतो. आई आणि बाप दोघंही तिथेच येऊन भरवतात. तुम्ही पाठवता त्यातली बहुतेक पिल्लं या दुसऱ्या प्रकारातली असतात.

तर या पिल्लाचं काय करायचं? मांजर फिरतंय, ऊन लागतंय, गाड्या येतात, तर उचलून त्याच जागेजवळच्या दाट झुडपात, सावलीत ठेवायचं. मग मागे सरायचं. लांब. आणखी लांब.

इथेच सगळं बिघडतं. मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी लिहिलंय, "दोन तास थांबलो, आई आलीच नाही, शेवटी घरी आणलं." मी विचारलं, दादा, तुम्ही कुठे बसला होता? तर म्हणे समोरच्या पायरीवर, मोबाईल घेऊन. अहो, मग ती येईल कशी? तुमच्यासारखा आडदांड प्राणी तिच्या पिल्लापासून चार हातांवर बसलाय!

माझ्या गच्चीवरचं सांगते. मागच्या वर्षी कामिनीच्या कुंडीत पिल्लू उतरलं होतं आणि मी दारात उभी. समोर केबलच्या वायरवर बुलबुल येऊन बसला. तुरा उभा, शेपटीखालचा लाल ठिपका दिसतोय आणि चोचीत हिरवी अळी. ती अळी तो गिळेना आणि टाकेनाही. अळी धरूनच ओरडत होता, या वायरवरून त्या वायरवर. हे तुम्हाला दिसलं ना, की समजा तो तुमच्या जाण्याची वाट बघतोय. मी आत गेले, पडदा ओढला आणि फटीतून बघत राहिले. मिनिटभरात तो कुंडीच्या काठावर उतरला, पिल्लाची चोच उघडली, अळी आत. झालं. (मी आई म्हणते, पण बाप असेल. दोघं दिसायला सारखेच.)

म्हणून खिडकीआडून बघा, पडद्याआडून बघा, मुलांना आत घ्या, कुत्र्याला बांधा. तासभर तरी धीर धरा आणि त्या तासात दर पाच मिनिटांनी "बघू बरं" म्हणून बाहेर डोकावू नका. प्रत्येक डोकावण्याला तो वायरवर परत जातो.

आता ते माणसाच्या वासाचं. "हात लावला की आई टाकून देते" असं माझी आजीही म्हणायची. तसं होत नाही. वासापायी पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. बिनधास्त उचला, नंतर हात साबणाने धुवा.

उघडं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. हाताला गार लागलं, तर आधी ओंजळीत धरून ऊब द्या. गारठलेलं पिल्लू चोच उघडत नाही, आणि चोच उघडली नाही तर आई भरवणार कशी? घरटंच तुटलं असेल तर [हातातली वस्तू कॅमेऱ्यासमोर धरते] ही नारळाची करवंटी. तळाला भोक पाडलंय, पाणी साचू नये म्हणून. आत सुकं गवत. कापूस नाही, दोरा नाही, त्यात बोटं अडकतात. जुन्या घरट्याच्या शक्य तितकं जवळ, सावलीत, तारेने पक्की बांधायची. खोल डबा नको, वरून पिल्लू दिसलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंच्या मोगऱ्यात अशीच बांधली होती. खालून दिसत होत्या फक्त दोन थरथरत्या माना. संध्याकाळपर्यंत आई येऊन भरवून गेली, आणि जाताना पिल्लाची पांढऱ्या पिशवीतली शी चोचीत उचलून घेऊन गेली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुन्हा तिथेच येते, कारण हे मी स्वतः चुकले आहे. कॉलेजात असताना मला एक पिल्लू मिळालं. मी खोक्यात ठेवलं, दूध-पोळी दिली, ड्रॉपरने पाणी पाजलं. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, ओतलेलं पाणी थेट त्यात जातं. दूध तर त्यांना पचतच नाही. पहाटे पिल्लू गेलं. आदल्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आमच्या खिडकीबाहेर दोन बुलबुल ओरडत होते. मी तेव्हा आईला म्हणाले होते, किती छान आवाज येतोय! ते कशासाठी ओरडत होते, हे मला फार उशिरा कळलं.

आई-बाप उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबून किडे, अळ्या भरवतात आणि मग शिकवतात: मांजर म्हणजे काय, शिक्रा म्हणजे काय, उंबर कुठे पिकलाय. खोक्यात वाढलेल्याला हे कोण शिकवणार? आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळताही येत नाही.

कधी मात्र थांबायचं नाही? मांजराने तोंडात धरलं असेल, रक्त दिसत नसलं तरीही. मांजराच्या दातांतले जंतू पिल्लाला लवकर मारतात, औषध लागतं. पंख लोंबकळत असेल. अंगावर मुंग्या चढल्या असतील. दिवसभर लांबून बघूनही कोणीच आलं नसेल. मग झाकणाला भोकं असलेलं खोकं, अंधार, शांतता. खाणं नाही, पाणी नाही, आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन. नागपूरकरांनो, तुमच्याकडे सेमिनरी हिल्सला उपचार केंद्रच आहे. पाकोळी जमिनीवर दिसली तर तीही उचला. लांब पंख, इवलेसे पाय. सपाट जमिनीवरून तिला सहज उडता येत नाही.

एकीने विचारलंय, "कावळ्याच्या झाडाखाली ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू आहे, कावळे माझ्यावर धावून येतात." अगं, ती कोकिळा! कावळे तिला आपलं लेकरू समजून जपतायत. डोक्यावर छत्री धर आणि बाजूला हो.

आणि एक राग आहे माझा, तो बोलूनच टाकते. पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून सोसायट्या मे महिन्यात करवत चालवतात, घरटी भरलेली असताना! मागच्या मेमध्ये एका सोसायटीतून मला एकाच दिवशी तीन घरट्यांचे फोटो आले. धोक्याची फांदी काढायलाच हवी, पण कुंपणाची मेंदी चौकोनी दिसावी म्हणून? कमिटीच्या मीटिंगमध्ये हे बोला. करवत चालवण्याआधी एका माणसाने झाड नीट बघावं, एवढंच मागा.

माझी जास्वंदही मी काल फांद्या बाजूला करून बघितली. आत, छातीच्या उंचीवर, वाटीएवढं घरटं आहे आणि त्यात तीन अंडी. तेव्हा छाटणीचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात नाही. पिल्लं उडाली की मग.