आजीचं लसीचं कार्ड

नमस्कार श्रोतेहो.

मी तालुक्याच्या गावातला फिजिशियन, म्हणजे मोठ्या माणसांचा डॉक्टर. शुगर, बीपी, दमा ही माझी रोजची गिऱ्हाइकं. लसीकरणाच्या दिवशी मात्र दवाखान्यात लहान पोरांचा आवाज जास्त असतो. शेजारच्या सरकारी केंद्रातून नातवाला टोचून झालं की आज्या त्याला कडेवर घेऊन माझ्याकडे येतात, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या लिहून न्यायला.

मध्ये अशाच एक मावशी आल्या. नातवाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी घडी करून कमरेला खोचलेली. मी विचारायच्या आत सांगायला लागल्या, "दीड महिन्याचं झालं, साडेतीन महिन्यांचं झालं, आज नवव्या महिन्याचं झालं." सगळं तोंडपाठ. मी म्हटलं, "मावशी, आणि तुमचं कार्ड?" त्या खळखळून हसल्या. "माझं कसलं कार्ड, डॉक्टर? म्हातारपणी कुणी लस टोचतं होय?"

मावशींनी सांगितलेल्या त्या तिन्ही तारखांना बाळाला जी एक लस मिळते, ती न्यूमोकोकस नावाच्या जंतूवरची. 2021 पासून ती देशभर सरकारी कार्यक्रमात फुकट दिली जाते. लहान पोराची छाती उडायला लागली की आपल्याकडे 'डबा झाला' म्हणतात ना, त्यामागे बऱ्याचदा हाच जंतू असतो. आणि साठी-सत्तरीच्या माणसाला न्यूमोनियाने झोपवणाऱ्या जंतूंतही हाच पुढे असतो. जंतू एकच. राहतो कुठे? लहान मुलांच्या नाकाच्या मागच्या बाजूला. तिथे तो बहुतेक वेळा काही त्रास न देता नांदतो. मग आजी पदराने नाक पुसते, पापा घेते, एकाच उशीवर दोघं झोपतात. नातवाकडून आजीकडे जायला त्याला फार लांबचा प्रवास करावा लागत नाही.

अमेरिकेत 2000 साली मुलांना ही लस सुरू झाली. काही वर्षांत असं दिसलं की ज्यांनी स्वतः लस घेतलीच नव्हती अशा म्हाताऱ्या माणसांतही, जंतूचे जे प्रकार लसीत होते त्यांचे गंभीर आजार कमी झाले. म्हणजे नातवाची सुई आजीलाही थोडी लागू पडते. पण थोडीच. कारण या जंतूचे शंभरच्या आसपास प्रकार आहेत. लसीतले मागे हटले की लसीबाहेरचे जागा धरतात.

आता म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा, यावर जरा थांबतो, कारण फसगत इथेच होते. आपल्या डोक्यात न्यूमोनिया म्हणजे सणसणून ताप, थंडी, खोकला. वयस्कर माणसात यातलं काहीच नसू शकतं. माझ्याकडे एक निवृत्त मास्तर आले होते, शुगरचे जुने पेशंट. आले म्हणजे आणले. दोन दिवस जेवण नाही, मध्येच असंबद्ध बोलणं, रात्री बाथरूमला जाताना पडले. घरच्यांना वाटलं डोक्याला मार लागला. ताप नव्हता. मी त्यांचा शर्ट वर करून घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला चौतीस. एक्स-रे काढला तर उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा.

हे मोजायला डॉक्टर लागत नाही. निवांत बसलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो. तो 30 च्या घरात गेला असेल तर काढा, वाफ, सकाळी बघू, हे काही करत बसू नका, हॉस्पिटल गाठा. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात पडलाच असेल, त्याचा सेल बदलून ठेवा.

तर लस. या जंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं जाड आवरण असतं. त्या आवरणामुळे आपल्या पांढऱ्या पेशींच्या हातून तो निसटतो. पावसात भिजलेला साबण हातातून सटकावा तसा. लस शरीराला ते आवरण आधीच दाखवून ठेवते. जुन्या लसीत 23 प्रकारांची नुसती आवरणं आहेत. ती काम करते, पण शरीराची आठवण फार टिकत नाही. नंतरच्या लसींत ही साखर एका प्रथिनाला जोडली, आणि आठवण पक्की झाली. लसीच्या नावापुढे 13 किंवा 20 असा आकडा असतो, तो म्हणजे आतले प्रकार किती.

फायदा किती? नेदरलँड्समध्ये 65 वर्षांवरच्या सुमारे 85 हजार लोकांवर 13 प्रकारांच्या लसीची चाचणी झाली, निकाल 2015 साली छापून आला. लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे 45 टक्क्यांनी कमी झाला. जंतू रक्तात वगैरे शिरून होणारा गंभीर आजार 75 टक्क्यांनी. हे आकडे मी मुद्दाम आहेत तसे सांगतोय. ही लस घेतली की न्यूमोनिया होणारच नाही, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. टीबी, इतर जंतू, विषाणू यांचं ती काही करत नाही. पण त्या प्रकारांचा निम्म्याच्या आसपास धोका टळत असेल, आणि जिवावर बेतणारा धोका तर त्याहून जास्त, तर मी घेईन. घेतली आहे.

कुणी घ्यावी? पासष्टी ओलांडलेल्या सगळ्यांनी. त्याआधी, ज्यांना मधुमेह, दमा, जुना खोकला, हृदयाचा, किडनीचा किंवा लिव्हरचा आजार आहे, जे बिडी-सिगारेट ओढतात, कॅन्सरचे उपचार चालू आहेत, किंवा अपघातात प्लीहा, म्हणजे पोटातली स्प्लीन, काढावी लागली आहे, त्यांनी. अमेरिकेने तर 2024 मध्ये सरसकट शिफारशीचं वय 65 वरून 50 वर आणलं. आपल्याकडे पन्नाशीत शुगर नसलेलं घर दाखवा!

वीस प्रकारांची लस मिळाली तर एकदाच पुरते. तेराची घेतली तर साधारण वर्षाने तेवीसची. आधी कधी तेवीसची घेतली असेल तर पुढची घ्यायच्या आत वर्ष जाऊ द्यायचं. दंडात टोचतात. एक-दोन दिवस हात दुखतो, कधी कणकण येते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, टोचलेल्या जागी जरा जास्त वेळ दाबून धरायचं, एवढंच.

किंमत हा मात्र खरा अडथळा. मोठ्यांना ही लस सरकारी कार्यक्रमात नाही, आणि खाजगीत काही हजार रुपये लागतात. बाळाला फुकट आणि मधुमेही म्हातारीला विकत, हे मला पटत नाही. इथे बोलून ते बदलणार नाही, पण बोलतो.

तोवर फ्लूची लस. ती त्या मानाने स्वस्त आहे, फक्त दरवर्षी घ्यावी लागते. 1918 ची मानमोडीची साथ आजोबा-पणजोबांच्या तोंडून कुणी ऐकली असेल. जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून ती शिरली आणि गावंच्या गावं आजारी पडली. फ्लू होता विषाणूचा, पण त्याने खरवडलेल्या छातीत मागून जंतू शिरले आणि त्या न्यूमोनियाने असंख्य माणसं गेली. फ्लू वाट करून देतो, न्यूमोकोकस त्या वाटेने येतो. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये, आंब्याच्या दिवसांत, टोचून घ्या. दोन्ही लसी एकाच दिवशी दोन दंडांत चालतात.

त्या मावशींचं राहिलं. महिन्याने त्या आपल्या मुलाला घेऊन आल्या. मुलाने भाताच्या पट्टीचे पैसे आले तसे बाजूला काढले होते. टोचल्यावर मावशींनी दंड चोळत विचारलं, "आता हे कशावर लिहिणार?" मोठ्यांचं छापील कार्ड माझ्याकडे नव्हतं. मी एका कोऱ्या कागदावर लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर लिहिला, सही केली. त्यांनी कमरेची पिशवी काढली, उलगडली, आणि तो कागद नातवाच्या कार्डाच्या आत घालून पुन्हा घडी केली.

नमस्कार.