हस्ताचा पाऊस आणि सोयाबीन

(दृश्य : लातूर जिल्हा, जूनचा दुसरा आठवडा. पाळी घालून तयार ठेवलेलं काळं रान.)

मृग आजही ७-८ जूनलाच लागतो. पाऊस लागेलच असं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठ दरवर्षी बजावतं. पटतं सगळ्यांना. पण शेजारच्या रानात ट्रॅक्टर उतरला की कुणाला धीर धरवत नाही. मग पाऊस दडी मारतो, उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणीसाठी बियाण्याची बॅग पुन्हा उधारीवर येते.

बांधावर जुन्या माणसांना विचारा. पाऊस कमी झाला, यापेक्षा झड गेली, ही त्यांची तक्रार मोठी. श्रावणात आठ-आठ दिवस लागून राहणारी, जमिनीत मुरणारी झड. आता तीन आठवडे उघडीप, आणि मग एका रात्रीत बांध फोडणारा पाऊस. सरासरी कागदावर भरते.

आठवणी फसव्या असतात, हे खरं. पण इथे मोजमापही त्यांच्याच बाजूने आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

(दृश्य : पिवळं पडलेलं सोयाबीन. मग पाण्याखालचं रान.)

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन तेव्हा फुलाशेंगांत होतं. त्यातच पिवळा मोझॅक हा रोग आला. २०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं. मराठवाड्यात नदीकाठची पिकं तर गेलीच, रानंही खरडून निघाली.

पण सगळा दोष आभाळावर टाकता येणार नाही. हस्ताचा, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा पाऊस इथे पूर्वी हवाच असायचा. मूग-उडीद तोवर घरात आलेले, आणि रब्बी ज्वारीला ती ओल लागायची. आज त्याच दिवसांत शंभर दिवसांचं सोयाबीन काढणीला येतं. भिजलं की शेंगेतच कोंब फुटतात. पाऊस बिघडला, तसा आपला पीकक्रमही बदलला. सोयाबीन सोडा, असं सांगणं मात्र शहरात बसून सोपं आहे. दिवाळीआधी हातात पैसा देणारं दुसरं पीक कोणतं? आणि ज्वारी काढायला मजूर कुठून आणायचे?

(दृश्य : रुंद वरंब्यावरची पेरणी. सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर.)

काहीजण रुंद वरंबा-सरीवर पेरतात. उघडीप पडली तर ओल टिकते, जास्त झालं तर सरीतून पाणी निघून जातं. कापणीआधी ताडपत्री आणून ठेवतात, गंजी झाकायला. नुकसान झालंच तर ७२ तासांत विम्याची तक्रार नोंदवायची, हेही २०२४ पर्यंत पाठ झालं होतं. आणि बरेचजण सोयाबीनमध्ये तूर घेतात. सोयाबीन हातचं गेलं, तरी जानेवारीत तूर येते. मुळाशी पाणी साचून राहिलं, तर तीही वाळते.