नागपूरचा मे आणि ६० लिटर समुद्र

ही टाकी पाहा. मानेवाड्यातला एक फ्लॅट, हॉलचा कोपरा, मे महिन्यातली दुपार, बाहेर पारा ४५ च्या आसपास फिरून राहिला आणि इथे काचेमागे दोन क्लाउनफिश, झोअँथिडचा झुपका, चार-पाच मशरूम कोरल (दोन्ही मऊ प्रवाळासारखे जीव), सगळे मस्त उघडलेले. दगड-वाळू सोडून आत खरं पाणी ६० लिटर. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, म्हणजे या टाकीतला प्रत्येक थेंब घरात बनवलेला आहे आणि तो बिघडू न देणं हे रोजचं काम आहे.

लोकांना वाटते टाकी छोटी म्हणजे काम कमी. पाण्याच्या बाबतीत नेमकं उलटं आहे भाऊ. ६०० लिटरमध्ये एखादा स्नेल मेला तर कळतही नाही, ६० लिटरमध्ये तोच मेला आणि दगडामागे सडला तर दोन दिवसांत अमोनिया टेस्ट किटमध्ये दिसतो. आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्यामुळे त्या अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त असतो, त्यात गरमी वाढली की अजून जास्त. म्हणून नवीन टाकीत नुसता लाइव्ह रॉक, म्हणजे सूक्ष्म जीव असलेला सच्छिद्र समुद्री दगड, टाकून चार ते सहा आठवडे थांबायचं, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया दगडावर बसेपर्यंत एकही मासा नाही. घरचे विचारतात रिकामी टाकी काहून ठेवली, विचारू द्या.

आता पाणी. नागपूरच्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येते, प्यायला चांगलं, पण त्यात क्लोरीन असते, क्षार असतात, कोरलला ते चालत नाही. बोअरचं तर अजिबात नाही. मग लोक म्हणतात घरी आरओ आहे ना. आहे, पण प्यायच्या आरओमध्ये बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, मीटर लावला तर ५०, ८० असं काहीतरी दाखवतो. आपल्याला पाहिजे शून्य. म्हणून आरओनंतर डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांची, नळी लावायची आणि मीटर एक-दोन दाखवायला लागला की रेझिन बदलायचं, तिथे कंजूषी करू नका, कारण टाकीत शेवाळ माजायला लागलं की बऱ्याचदा सुरुवात या पाण्यापासूनच झालेली असते.

त्या शून्य पाण्यात रीफ सॉल्ट, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायचं मीठ, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, पंप लावून काही तास फिरवायचं. खायचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, पाण्याची अल्कॅलिनिटी, म्हणजे पीएच पडू न देण्याची ताकद, धरून ठेवणारं काही नाही. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो साध्या पाण्यावर नाही तर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) तयार द्रावणावर सेट करा. साध्या पाण्यावर शून्य बरोबर दाखवणारा मीटर ३५ ला चुकीचा असू शकतो.

आणि आता नागपूरची खरी भानगड, बाष्पीभवन. हा मार्करचा काळा पट्टा दिसते ना काचेवर, सकाळी पाणी इथपर्यंत होतं आणि आता पाहा कुठे गेलं. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की टाकीवर पंखा लावला तर दिवसाला दोन-तीन लिटर सहज उडते. पाणी उडते, मीठ मात्र तिथेच राहते. सकाळी ३५ पीपीटी असलेलं मीठ तीन लिटर उडाल्यावर जवळपास ३७ होते, दुसऱ्या दिवशीही दुर्लक्ष केलं तर ३९ च्या जवळ. म्हणून पाणी कमी झालं की त्यात खारं पाणी कधीच टाकायचं नाही, फक्त ते शून्य टीडीएसवालं गोडं पाणी, आणि एकदम तीन लिटर ओतण्यापेक्षा फ्लोट स्विचवालं एटीओ, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी टाकणारं यंत्र, लावलं की ते दिवसभर थोडं थोडं टाकत राहते. माझ्या मते नागपुरात कोणी रीफ टाकी घेत असेल तर भारी लाइटच्या आधी एटीओ घ्यावं.

पण हेच बाष्पीभवन टाकी वाचवतेसुद्धा. एक लिटर पाणी उडायला जितकी उष्णता लागते तितक्यात या ६० लिटरचं तापमान साधारण १० अंशांनी उतरू शकते. खोली ३४ वर असताना नुसत्या छोट्या पंख्यावर टाकी २७ पर्यंत राहते ती याच जोरावर. कोरलसाठी २५-२६ उत्तम, पण तापमान बराच वेळ ३० च्या वर राहिलं तर त्याच्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर पडायला लागते, कोरल पांढरं पडते, आणि त्याचं बरंचसं जेवण तर तेच शेवाळ बनवत असते.

कूलर मात्र टाकीच्या खोलीत नको, आणि हे मी खूप जोर देऊन सांगतो. कूलरच्या ताट्या ओल्या झाल्या की खोलीत ओलावा भरते, आपल्याला थंड वाटते पण टाकीवरच्या पंख्याचा असर कमी होते. पावसाळ्यात तेच. जुलैत बाहेर ३० अंश असतात तरी कधीकधी टाकी मेपेक्षा जास्त तापते कारण हवा आधीच भिजलेली असते. एसी असेल तर प्रश्न मिटतो, फक्त बंद खोलीत चार जण झोपले की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सकाळी पीएच ७.८ दिसतो. घाबरून पीएच वाढवायचं केमिकल ओतू नका, दार थोडा वेळ उघडा, चढतो.

नायट्रेटचं सांगतो. दर आठवड्याला १० टक्के, म्हणजे सहा लिटर पाणी बदललं तर २० पीपीएमचं (दहा लाख भागांत २० भाग) नायट्रेट १८ वर येते, शून्यावर नाही. आणि शून्य पाहिजेही नाही. दोन ते दहाच्या मध्ये नायट्रेट आणि थोडासा फॉस्फेट कोरलला लागतो, दोन्ही पार संपले तर डायनो नावाचे सूक्ष्म जीव येतात, तपकिरी, चिकट, बुडबुडेवाले, आणि ते काढताना जीव जातो. अल्कॅलिनिटी आठ-नऊ डीकेएचवर (हे तिचं माप) ठेवा, आणि एका दिवसात एकपेक्षा जास्त हलू देऊ नका. साडेसात असेल आणि रोज साडेसातच असेल तर कोरलला चालते, आज सात उद्या दहा हे चालत नाही. जे मोजता येत नाही ते टाकीत टाकायचं नाही.

कोरल विकत घेताना कागद विचारा. रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, २००१ पासून, म्हणजे मालवणहून आलेला छोटा तुकडासुद्धा बेकायदा.

आणि लाइट. उन्हाळ्यात एखादा ट्रान्सफॉर्मर गेला की दोन-तीन तास जातात, पाणी फिरवणारा वेव्हमेकर बंद, पंखा बंद, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे, सेल बाजूलाच ठेवा. लाइट गेली की पहिले तो लावा, झाकण काढा, खायला देऊ नका, आणि पाण्यात बर्फ टाकायचा नाही, बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली बाजूच्या कप्प्यात ठेवायची, एका वेळी एकच, थर्मामीटर पाहत.