फुकटच्या रात्रीचं बिल कोण भरतं?

मंडळी, नेहमीच्या ग्राहकाला बक्षीस म्हणून मिळणारे विमानाचे माइल्स जमवावेत की हॉटेलचे पॉइंट्स, हा प्रश्न कामासाठी सतत फिरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. चर्चा मात्र ‘किती पॉइंट्स मिळाले’ यापाशीच अडकते. मी आधी एक विचारतो: आपल्याला जे फुकट मिळतं, त्याचे पैसे कोण भरतं? ते कळलं की कुठे काय मागावं हे कळतं.

विमानाचं आधी बघू. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सनं आपली ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना सुरू केली. यातलं गणित साधं आहे. विमान उडालं की रिकामी सीट कायमची वाया जाते. तीच नेहमीच्या प्रवाशाला दिली, तर कंपनीचा खर्च जेवण आणि थोडं इंधन एवढाच. पुढे बँका क्रेडिट कार्डांवर वाटण्यासाठी माइल्स विकत घेऊ लागल्या आणि माइल्स विकणं हाच एक मोठा धंदा झाला. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सनं आपली ‘मायलेजप्लस’ योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. डेल्टानं ‘स्कायमाइल्स’वर ९०० कोटी. विमानं थांबली तरी माइल्सची पत टिकून होती.

म्हणून विमान कंपनी माइल्स सढळ हातानं देते, सीट देताना मात्र हात आखडते. मे महिन्यात किंवा नाताळात, म्हणजे आपल्याला हवी तेव्हा, ती सीट रोखीनं विकली जाणारच असते. मग माइल्सवर ती मिळत नाही, किंवा अव्वाच्या सव्वा मागणी होते. शिवाय कर आणि अधिभार आपल्यालाच भरावे लागतात. मुंबई-दिल्लीच्या स्वस्त तिकिटावर माइल्स उडवणं मला पटत नाही. ते राखावेत लांबच्या, महागड्या प्रवासासाठी. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे तिच्या पॉइंट्सवर लुफ्तान्साची किंवा सिंगापूर एअरलाइन्सची सीट मिळू शकते. माइल्सची खरी किंमत अशा ठिकाणी वसूल होते. तारखा मात्र लवचीक हव्यात.

हॉटेलचा मामला वेगळा आहे, आणि तो फारसा कुणी समजावून सांगत नाही. दारावर पाटी एका कंपनीची, इमारत दुसऱ्याची. मुंबईत सहार विमानतळाजवळचं जेडब्ल्यू मॅरियट घ्या. मालकी शॅले हॉटेल्सची, नाव मॅरियटचं. तुम्ही पॉइंट्सवर तिथे राहिलात, तर त्या रात्रीचे पैसे मालकाला मॅरियटच्या एका सामाईक निधीतून मिळतात. हा निधी सगळ्या हॉटेलांनी सभासदांच्या बिलांतून दिलेल्या हिश्श्यातून उभा राहतो. हॉटेल जवळपास भरलेलं असेल, तर मालकाला साधारण नेहमीच्या दराइतकी रक्कम मिळते. अर्धं रिकामं असेल, तर फार थोडी.

आता काउंटरवर काय होतं ते बघा. नाश्ता, वरच्या वर्गाची खोली, उशिरा चेक-आउट, हे सगळं हॉटेलच्या खिशातून जातं आणि देणं बरंचसं मॅनेजरच्या हातात असतं. म्हणून एकाच सभासद कार्डावर एका शहरात राजेशाही थाट होतो आणि दुसऱ्या शहरात ‘सॉरी सर, हाउस फुल आहे’ ऐकावं लागतं. तरीही मी म्हणेन, हॉटेलात पॉइंट्सपेक्षा दर्जा, म्हणजे वर्षभरात जास्त रात्री राहिल्यावर मिळणारी सभासदाची वरची पायरी, मोलाचा. मॅरियटमध्ये वर्षाला पन्नास रात्री झाल्या की प्लॅटिनम मिळतं. मग बऱ्याच हॉटेलांत नाश्ता मिळतो आणि शक्य असेल तेव्हा दुपारी चारपर्यंत खोली ठेवता येते. युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. कोल्हापूर-नाशिकहून एक दिवस आधी येऊन राहणाऱ्याला ही चार तासांची विश्रांती किती मोलाची, हे वेगळं सांगायला नको.

एक फरक मात्र डोक्यात पक्का बसवा. विमानाचं तिकीट एजंटकडून काढा की वेबसाइटवरून, सभासद क्रमांक टाकला की माइल्स सहसा जमा होतात. हॉटेल मात्र बाहेरच्या बुकिंग साइटवरून घेतलं, तर बहुतेक साखळ्या ना पॉइंट्स देतात, ना ती रात्र दर्जासाठी धरतात. ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कनं चार पैसे वाचवायला दुसरीकडून बुकिंग केलं, की वर्षभराच्या रात्री वाया जातात. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

आणि साठवून ठेवू नका. ही काही लोणच्याची बरणी नाही, मुरवत ठेवली की चव वाढेल! दर ठरवणारी कंपनीच असते आणि ती नियम बदलू शकते. मॅरियटनं २०२२ मध्ये किती पॉइंट्सवर रात्र मिळते याचा ठरावीक दरांचा तक्ताच काढून टाकला. एअर इंडियानं २०२४ मध्ये अंतराऐवजी खर्चावर पॉइंट्स द्यायला सुरुवात केली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून ‘इंटरमाइल्स’ नावानं पुढे चालली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी माइल्स जमवले होते, ती विमानंच उरली नव्हती.

वर्षातून एकदा मुलांकडे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी तर दर्जाच्या मागे लागूच नये. घरातल्यांचे पॉइंट्स एकत्र करता येतील अशी योजना निवडावी. हिल्टनमध्ये ते विनाशुल्क करता येतं, ब्रिटिश एअरवेजमध्येही एका घरातल्यांचं सामाईक खातं उघडता येतं. नातवंडांकडे जाताना वाटेत एक रात्र विसावा घ्यायला तेवढं पुरतं.