टेबलावरचा फोन कधी झोपत नाही

(लातूरला ॲप बनवायला शिकणाऱ्या पोरापोरींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलणं बरंचसं होतं तसंच ठेवलंय.)

आधी ॲप समजून घ्या, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल. मोटारीची थ्री फेज लाईट आपल्याकडं बऱ्याच गावात एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, तर लाईट यायच्या आधी शेतकऱ्याला आठवण द्यायची हे एक काम आणि पहाटे सोयाबीन-तुरीचे भाव आणून ठेवायचे हे दुसरं. दोन्ही बॅकग्राऊंडची, म्हणजे ॲप उघडलेलं नसताना व्हायची. तुमच्या टेबलावर सगळं बिनचूक चालतं आणि मग औश्याहून फोन येतो की सर, रात्री तुमचं ॲप वाजलंच नाही, पाण्याची पाळी गेली.

इथं लोक लगेच कोड उघडून बसतात. मी म्हणतो आधी फोनकडं बघा ना. तुमचा टेस्टिंगचा फोन दिवसभर केबलला, म्हणजे चार्जिंगवर, स्क्रीन चालू आणि ॲप तुम्ही घडीघडी उघडताय. त्या माणसाचा फोन बाजेवर पडलेला, चार्जर नाही, स्क्रीन बंद, हालचाल नाही. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, असा फोन डोझमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवायच्या झोपेत जातो, मग नेट बंद, जॉब, म्हणजे ॲपनं सिस्टिमकडं सोपवलेली बॅकग्राऊंडची कामं, थांबवलेले, साधे अलार्म पुढच्या मेंटेनन्स विंडोपर्यंत, म्हणजे अडलेली कामं उरकायला फोन थोडा वेळ जागा होतो तोवर, ढकललेले, आणि फोन जितका जास्त वेळ पडून राहील तितक्या ह्या विंडो लांब लांब जातात. चार्जिंगला लावलेला फोन डोझमध्ये जातच नाही! त्यात २०१८ ला अँड्रॉइड ९ मध्ये स्टँडबाय बकेट, म्हणजे वापरानुसार ॲपचे गट आले, ॲप कमी उघडलं की ते रेअर, म्हणजे क्वचित वापराच्या बकेटमध्ये जातं आणि त्याचे जॉब लई मागं पडतात. तुमचं ॲप तुमच्या फोनवर कायम ॲक्टिव्ह. मग बग दिसणार कसा?

म्हणून शेतकऱ्याचा फोन टेबलावर तयार करायचा. एडीबी शेलमधून, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायच्या टूलमधून, डंपसिस बॅटरी अनप्लग हा हुकूम द्या, केबल असूनसुद्धा फोनला वाटतं चार्जर काढला. स्क्रीन बंद करून डंपसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल, म्हणजे फोन जबरदस्तीनं डोझमध्ये. ॲपला सेट-स्टँडबाय-बकेटनं रेअरमध्ये टाका. काम झालं की बॅटरी रिसेट आणि डिव्हाइसआयडल अनफोर्स करा, नाहीतर उद्या दुसराच कुणीतरी त्या फोनवर डोकं फोडत बसंल.

मग बघायचं की काम नेमकं कुठं अडकलं, शेड्युलच झालं नाही, म्हणजे वेळच लागली नाही, का शेड्युल झालं पण सुरू झालं नाही, का सुरू होऊन मधेच मेलं. अलार्म असंल तर डंपसिस अलार्म, जॉब असंल तर डंपसिस जॉबशेड्युलर, तिथं कुठली अट पूर्ण व्हायची राहिलीय तेही दिसतं. पण औश्याच्या फोनला तुमची केबल नाही, म्हणून ॲपनं स्वतःची वही ठेवावी, कधी लावलं, कधी सुरू झालं, कधी संपलं, का थांबलं. अँड्रॉइड ११ पासून ॲपची प्रोसेस मागच्या वेळी कशामुळं गेली ते सिस्टिमला विचारता येतं, तेपण त्याच वहीत टाका.

आमच्या त्या रात्रीच्या आठवणीचं गंमतशीर होतं. अँड्रॉइड १४ वर काही फोन वाजायचे, काही नाही, ॲप तेच. निघालं असं की १३ किंवा पुढचं टार्गेट असलेलं, म्हणजे त्या अँड्रॉइडच्या नियमांसाठी बनवलेलं ॲप १४ वर नव्यानं टाकलं तर ठरल्या मिनिटाच्या अलार्मची परवानगी आपोआप मिळत नाही, पण आधी परवानगी असलेला फोन अपडेट होऊन १४ वर आला तर ती टिकते. म्हणजे नवा फोन घेणारेच अडकले. दर वेळी कॅन-शेड्युल-एक्झॅक्ट-अलार्म्सनं ही परवानगी आहे का ते तपासा, आणि नाही म्हणलं तर माणसाला सेटिंगच्या पानावर न्या, का ते मराठीत सांगून. रिबूटनंतर अलार्म पुसले जातात, ते बूट झाल्यावर परत लावायचे, हे तर जुनंच दुखणं.

भावांचं काम मात्र वर्कमॅनेजरला, म्हणजे बॅकग्राऊंडची कामं सांभाळणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीला द्या, तिथं मिनिटाचा आग्रह नको. पिरिऑडिक, म्हणजे ठरावीक वेळानं परत परत होणारं काम १५ मिनिटांच्या खाली लावता येत नाही, एक साधा वर्कर, म्हणजे एका वेळचं काम, १० मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. आणि एक फसवी जागा, युनिक, म्हणजे एका नावानं एकदाच लागणाऱ्या कामाला पॉलिसी कीप, म्हणजे आधीचंच ठेव अशी दिली असंल तर नव्या व्हर्जनमध्ये तुम्ही किती का वेळ बदला, आधीचं काम रांगेत आहे तोवर जुनाच वेळ चालू राहतो, तिथं अपडेट पाहिजे.

काही कंपन्यांच्या फोनवर रिसेंटमधून, म्हणजे अलीकडं उघडलेल्या ॲपच्या यादीतून ॲप सरकवलं की ते सेटिंगमधून फोर्स स्टॉप केल्यासारखं मरतं, अलार्म जॉब सगळं गेलं, माणूस स्वतः उघडेपर्यंत. तिथं कोडनं फार काही होत नाही, ऑटोस्टार्ट, म्हणजे ॲपला आपोआप सुरू होऊ द्यायची, आणि बॅटरीची सेटिंग माणसाकडूनच करून घ्यावी लागते.

मागून कुणीतरी आयफोनचं विचारलं. तिथं बॅकग्राऊंडची कामं लावणाऱ्या बीजीटास्क शेड्युलरला तुम्ही फक्त ह्याच्या आधी नको एवढंच सांगू शकता, कधी चालवायचं ते सिस्टिम ठरवते. म्हणून वेळेची आठवण असंल तर लोकल नोटिफिकेशन, म्हणजे फोनमध्येच आधी लावून ठेवलेली सूचना लावा, ते सिस्टिम स्वतः दाखवते, ॲप चालू असो नसो.