दुकानाच्या चोपडीतला भूकंप

नमस्कार श्रोतेहो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला याच्यापुढचं सांगावं लागत नाही. आज मी किल्लारीच्या त्या मोठ्या भूकंपाबद्दल बोलणार नाही. मला बोलायचंय बारक्या धक्क्यांबद्दल. ज्यांत माणूस दगावलं नाही, भिंत पडली नाही, म्हणून ते कुणी लिहून ठेवले नसतील असं आपण धरून चालतो. पण लिहिलेलं असतं, श्रोतेहो. गावात कुणीतरी लिहिलेलं असतं.

औसा तालुक्यातल्या एका गावी मी मोडी कागद शोधत गेलो होतो. तिथले जुने किराणा दुकानदार, सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा म्हणाले, "मोडी न्हाई बघा आमच्याकडं. चोपड्या हायत." माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा उतरवला. दर लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी सुरू, जुनी त्या गठ्ठ्यात. मी १९९२ सालची मागितली. आश्विन वद्यातलं पान निघालं. साखर, डाळ, काडीपेटी, आणि खर्चाच्या बाजूला हे: 'जमीन हालली. बरणी १ फुटली, गोडेतेल गेले. काटा रिकामा डुलला.'

मी ते मोठ्यानं वाचलं. आतून काकू बाहेर आल्या. "आगं बया! त्या बरणीपायी मी मांजराला हाणलं होतं की!" इतकी वर्षं त्या घरात बरणी मांजरानं पाडली असंच चाललं होतं. अण्णा शांतपणे म्हणाले, "मांजर बरणी पाडंल. आढ्याला टांगलेला काटा कसा हालवंल?"

माझ्या अंगावर काटा आला. कारण अण्णांनी शास्त्रज्ञाला लागतं तेच लिहिलं होतं. टांगलेली वस्तू डुलली, फळीवरची बरणी पडली, भिंतीला तडा नाही. एवढ्यावरून त्या गावी हादरा किती जोराचा होता ते ठरवता येतं. अशा दहा गावांच्या नोंदी मिळाल्या की धक्क्याचा उगम कुठं होता त्याचाही अंदाज येतो. १९९२च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात किल्लारीभोवती असे धक्के बसतच होते. १८ ऑक्टोबरचा तर साडेचार रिश्टरच्या आसपासचा. आणि तेव्हा भूकंपाच्या नकाशात आपला हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! तो त्याहून जास्त धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आला २००२ साली.

जाता जाता एक सांगतो. किल्लारीनंतर माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराला, फार बोल लागला. माती जड होती हे खरंच. पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारा आरपार दगडच घातलेला नव्हता, म्हणून भिंती फुगून फाटल्या. माळवद मे महिन्यात थंड असतं, पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. नीट बांधलेलं माळवद मला आजही आवडतं.

तर, कुठं शोधायचं? कुलकर्ण्याचं दप्तर, देवस्थानाचा जमाखर्च, शाळेचं लॉगबुक, जुन्या पंचांगाचा समास. निजामाच्या अमलातला कागद असेल तर साल फसली असतं. त्यात साधारण ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन निघतो. शक असेल तर ७८. उर्दू वाचता येत नसेल तर गावातल्या एखाद्या जुन्या मौलवीसाहेबांकडं जा, ते आनंदानं वाचून देतात.

आणि कागद घराबाहेर नेऊ नका. अण्णांनीही मला चोपडी दिली नाही. "दुकानाची चोपडी उंबरा वलांडत न्हाई," म्हणाले. मी तिथंच बसून पान उतरवून घेतलं. तुम्ही फोटो काढा, पानाची तारीख लिहा, गठ्ठा होता तसा बांधून ठेवा. रद्दीला घालू नका.

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या श्रोत्यांना वेगळं सांगतो. २०२४ साली २१ मार्चला आणि १० जुलैला सकाळी तुमच्याकडं जमीन हलली. जमिनीतून आवाज तर तुम्ही कितीदा ऐकलेत. पुढच्या वेळी घड्याळ बघा आणि घरात काय हललं, काय पडलं, ते कॅलेंडरवर त्याच तारखेच्या चौकटीत लिहा. वर्ष संपलं की ते कॅलेंडर ट्रंकेत ठेवा.

नमस्कार.